‘मेकॅनिकल नको, कॉमर्सच बरं’ असं ती अचानक म्हणू लागली तर

प्रश्न: माझी मुलगी यंदा दहावीला बसली. आम्ही कराड तालुक्यातले. तिला लहानपणापासून सायकल, पंखा, पाण्याची मोटर उघडून बघायचा नाद. नववीपासून म्हणायची, कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनात मेकॅनिकलचा डिप्लोमा करणार. दिवाळीनंतर काय झालं कळत नाही. आता म्हणते, ‘नको, कॉमर्स घेते, नाहीतर कॉम्प्युटर.’ सासरे आणि मोठे दीर पहिल्यापासून विरोधात आहेत. मुलीच्या जातीनं यंत्रांत कशाला हात घालायचा, डी.एड. करावं, शिक्षिका व्हावं, असं त्यांचं म्हणणं. शाळेतले सरही म्हणाले, मेकॅनिकलला मुली टिकत नाहीत. पूर्वपरीक्षेत तिला गणितात १०० पैकी ८२ होते, तिच्या चुलतभावाला ७४. तरी ती म्हणते, ‘माझं गणित कच्चं आहे.’ मिस्टरांचा पाठिंबा आहे, पण वडिलांपुढे ते बोलत नाहीत. तिला परत मेकॅनिकलकडे वळवू, की तिचंच मत मानू? (धाकटा आठवीत आहे. आजोबांचं बीपी मशीननं तोच मोजायचा, मोठेपणी दवाखान्यात ‘ब्रदर’, म्हणजे पुरुष नर्स, होणार म्हणायचा. सगळे हसले, तेव्हापासून मशीनला हात लावत नाही. पण तो विषय वेगळा.)
– एक आई

ताई,

कंसातल्या ओळींपासूनच सुरुवात करू, कारण तो विषय वेगळा नाही. तुमच्या घरात दोन मुलांनी आपापल्या यादीतून एकेक काम खोडलं. मुलीनं यंत्रं खोडली, मुलानं दवाखाना. काम करून बघितलं आणि कंटाळा आला, असं दोघांपैकी कुणाचंच झालेलं नाही. हे काम आपल्यासारख्यांचं नव्हे, एवढंच दोघांच्या कानावर पडलं.

मुलं ही यादी कशी खोडत जातात, याची एक मांडणी लिंडा गॉटफ्रेडसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८१ मध्ये केली. साधारण ६ ते ८ वर्षांच्या वयात ‘हे बायकांचं, ते गड्यांचं’ अशी पहिली काट बसते. ९ ते १३ मध्ये ‘याला मान आहे, त्याला नाही’ ही दुसरी. ‘मला काय आवडतं’ हा प्रश्न १४ च्या पुढे येतो. म्हणजे आवडीचा नंबर लागेपर्यंत यादी अर्धीमुर्धी उरलेली असते. पुढे तडजोड करायची वेळ आली की माणूस आधी आवड सोडतो, मग मान, आणि बाई-पुरुषाची चौकट सगळ्यात शेवटी, असं त्या म्हणतात. या क्रमावर नंतर बरेच वाद झाले, पण तुमचं पत्र वाचताना तो आठवल्याशिवाय राहत नाही.

पत्रातच दोन खुणा आहेत. पहिली म्हणजे ‘कॉमर्स, नाहीतर कॉम्प्युटर’. ताळेबंद जुळला की खूश होणारं पोर वेगळं आणि प्रोग्रॅम चालला की खूश होणारं वेगळं. अभ्यास म्हणून या दोन वाटांत फारसं साम्य नाही. साम्य इतकंच, की मुलगी तिकडे गेली तर कुणी नाक मुरडत नाही. जिला मनापासून दुसरं काही आवडू लागतं, ती एक नाव घेते. जिला फक्त पहिल्या वाटेवरून हटायचं असतं, ती दोन-तीन नावं घेते.

(‘मुलींना कॉम्प्युटर बरं’ हेही काही दगडावर कोरलेलं नाही. अमेरिकेत १९४५-४६ मध्ये एनिअ‍ॅक हा सुरुवातीचा संगणक तयार झाला, तेव्हा त्याचं प्रोग्रॅमिंग सहा बायका करत होत्या. यंत्र बांधणं हे पुरुषांचं, त्याला कामाला लावणं हे कारकुनी काम, म्हणून बायकांचं, अशी तेव्हाची वाटणी. पुढे त्यात पैसा आणि मान आला आणि वाटणी फिरली. आपल्याकडेही घरातल्या पोळ्या बाईनं लाटायच्या आणि पंगतीचा आचारी पुरुष. घरातलं शिवण बाईचं, पेठेतला शिंपी पुरुष. कामात तसं काही असतं तर दुकानाच्या उंबऱ्यावर ते बदललं नसतं.)

दुसरी खूण त्या ८२ मार्कांची. शेली कॉरेल या समाजशास्त्रज्ञ बाईंनी २००१ मध्ये अमेरिकेतल्या शाळकरी मुलांची माहिती तपासली. गणितात सारखेच गुण असलेल्या मुलामुलींत मुलगे स्वतःला जास्त हुशार समजत होते. भाषेच्या बाबतीत तसं नव्हतं, फक्त गणितात. आणि जे स्वतःला हुशार समजत, तेच पुढे इंजिनिअरिंगसारख्या विषयांकडे जास्त वळत. तुमच्या पुतण्याला ७४ मध्ये पक्कं गणित दिसतं. तुमच्या मुलीला ८२ मध्ये गेलेले १८ दिसतात.

यावर ‘अगं, तू हुशार आहेस’ म्हणून उपयोग होत नाही. ते आई म्हणतेच. त्यापेक्षा पूर्वपरीक्षेच्या उत्तरपत्रिका काढा आणि ते १८ गुण कुठे गेले, हे तिलाच चार रकान्यांत मांडू द्या: आकडेमोडीची चूक, वेळ पुरला नाही, सूत्र आठवलं नाही, मुळात कळलंच नाही. पहिल्या दोन रकान्यांत बहुतेक गुण गेले असतील तर ते कच्चं गणित नव्हे. तिसऱ्यात असतील तर सरावाचा प्रश्न आहे. चौथा रकाना भरलेला असेल, विशेषतः त्रिकोणमिती, समरूपता, महत्त्वमापन यांत, तर मात्र सुट्टीत ही प्रकरणं पुन्हा करायलाच हवीत. डिप्लोमाच्या पहिल्या सत्रातलं गणित इथूनच सुरू होतं आणि तिथे अडखळणाऱ्यांत मुलगेही भरपूर असतात. पण ‘कच्चं आहे’ हे वाक्य एकदा रकान्यात बसलं की त्याची भीती उरत नाही. ते फक्त काम उरतं.

आता तुमचा मूळ प्रश्न. वळवूही नका आणि आत्ताच मानूही नका. निकालाला अजून अवकाश आहे. तेवढ्यात एकच गोष्ट शोधायची: तिची आवड बदलली, की तिथे बसलेल्या स्वतःचं चित्र तिला दिसेनासं झालं? दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

तिला ‘का?’ असं विचारू नका. ‘का’ म्हटलं की पोरं वकिली करतात आणि तुम्हाला पटेल असं कारण काढून देतात. ‘कधीपासून’ विचारा, तेही समोर बसवून नाही. भाजी निवडताना, गाडीवर मागे बसलेली असताना. ‘दिवाळीआधी तू मेकॅनिकल म्हणत होतीस. मध्ये काही झालं का, कुणी काही बोललं का?’ एवढंच. उत्तर आलं नाही तर सोडून द्या आणि चार दिवसांनी दुसरा प्रश्न टाका: ‘त्या वर्गात ६० पैकी ३० मुली असत्या, तर काय घेतलं असतंस?’ आणखी काही दिवसांनी तिसरा: ‘कॉमर्सला पहिल्या वर्षी काय शिकवतात? त्यातलं काय शिकावंसं वाटतं?’

दुसऱ्या प्रश्नाला ती क्षणभर थांबून ‘मग मेकॅनिकल’ म्हणाली, तर शाखा तिला नकोशी झालेली नाही, एकटेपणा नकोसा झालाय. ‘तरी कॉमर्सच’ म्हणाली आणि तिसऱ्याचं उत्तर नेमकं आलं (हिशेब ठेवायला आवडतात, मामाच्या दुकानाची वही बघितली, सीएच्या परीक्षेची माहिती काढली), तर तिच्यावर विश्वास ठेवा आणि हे पान इथेच मिटा. तिसऱ्याला ‘सगळे म्हणतात सोपं असतं’ एवढंच उत्तर असेल, तर ती कॉमर्सकडे चाललेली नाही, मेकॅनिकलपासून लांब चालली आहे. हे तीन प्रश्न एका बैठकीत विचारले तर तिला चौकशी बसल्यासारखं वाटेल. सासरे किंवा दीर घरात असताना तर नकोच. आणि उत्तर काहीही आलं तरी तुमचा चेहरा बदलू देऊ नका. तुम्हाला काय हवंय, हे तिला कळलं की पुढची उत्तरं तुमची असतील.

बोलण्यापेक्षा हात जास्त खरं सांगतात. तिच्याकडे तीन कामं द्या, तीन आठवड्यांत.

सायकलची दोन्ही पायडल काढून, ग्रीस लावून परत बसवायची. १५ नंबरचा पाना लागतो. उजवं पायडल नेहमीसारखं सुटेल. डावं सुटणार नाही, उलट घट्ट होत जाईल, कारण डाव्या पायडलचा आटा उलटा असतो. हे तिला आधी सांगू नका. ती वैतागेल, जोर लावेल, कदाचित सोडून देईल. तिची ताकद आपल्याला मोजायची नाहीये. दुसऱ्या दिवशी ती आपणहून परत हात लावते का, आणि उलटा आटा सापडल्यावर ‘असा का ठेवला असेल?’ असं विचारते का, हे बघायचंय. (उत्तर असं: पायडल मारताना बसणाऱ्या फिरत्या दाबानं डाव्या बाजूचा सरळ आटा हळूहळू सैल होत गेला असता.) दुसरं काम, गळणाऱ्या नळाचा वॉशर बदलणं. आधी टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायला ती विसरली तर भिजेल, भिजू द्या. तिसरं काम कागदावरचं: साबणाची डबी किंवा पाट समोरून, वरून आणि बाजूनं कसा दिसतो, ते चौकटीच्या वहीत मापानं काढायचं. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी ड्रॉइंग हा विषय असतो आणि यंत्रांची हौस असलेली पोरंही त्यात आपटतात, कारण वस्तू मनातल्या मनात फिरवता आली पाहिजे. ते सरावानं येतं, पण त्यात तिला मजा येते का, हे इथे कळेल. विजेचं काही उघडायचं असेल तर मात्र मोठं माणूस शेजारी हवं आणि प्लग काढलेला हवा.

यात आईवडील हमखास एक चूक करतात. या कामांची परीक्षा करून टाकतात, जमलं की टाळ्या वाजवतात, पाहुण्यांना सांगतात. मग मूल टाळ्यांसाठी करतं आणि आपल्याला काहीच कळत नाही. कुणीही बघत नसताना ती कितीदा परत त्या वस्तूकडे गेली, एवढीच नोंद ठेवा.

यानंतर, तिचा कल कुठेही दिसला तरी, एकदा तंत्रनिकेतनात जाऊन या. कचेरीत विचारून वर्कशॉप चालू असलेला दिवस गाठा. परीक्षेच्या दिवसांत गेलात तर नुसती कुलपं बघून याल. फिटिंगच्या विभागात बेंच व्हाइसला लोखंडी पट्टी लावून पोरं कानस मारताना दिसतील, वेल्डिंग, सुतारकाम, पत्र्याचं काम दिसेल. ‘काम जड असतं’ म्हणतात ते हेच. घामाचं आहे, अवघड कसबाचं आहे, पण मणभर ओझं उचलण्याचं नाही. कानस मारण्यात जोरापेक्षा हात समांतर ठेवणं जास्त महत्त्वाचं. आणि पुढे मोजमापाच्या प्रयोगशाळेत मायक्रोमीटरवर मिलिमीटरचा शंभरावा भाग वाचायचा असतो, तिथे दंडाचं काही काम नाही.

तिथे एखाद्या तिसऱ्या वर्षाच्या मुलीला गाठा. पहिल्या वर्षाची नको, तिचा नवेपणा अजून उतरलेला नसतो. तुम्ही बाजूला थांबा, दोघींनाच बोलू द्या. तुमच्या मुलीला काय विचारायचं सुचलं नाही तर हे सांगून ठेवा: तुमच्या बॅचला मुली किती आहेत आणि पहिल्या वर्षी होत्या तितक्याच आहेत का? लेथवर (लोखंड कातायच्या यंत्रावर) कोण उभं राहतं आणि जर्नल, म्हणजे प्रयोगांची वही, कोण लिहितं? वर्कशॉपच्या इमारतीत मुलींचं स्वच्छतागृह आहे का, की लांब जावं लागतं? प्रॅक्टिकल उशिरा सुटलं तर गावाकडची शेवटची एसटी मिळते का? प्रशिक्षणाला कंपनीत मुलींना काय काम दिलं?

यातला जर्नलचा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण शिक्षण खरं तिथेच निसटतं. चार-पाच जणांच्या गटात मुलगे यंत्राला भिडतात आणि मुलीचं अक्षर चांगलं म्हणून तिच्याकडे वही येते. सहा सत्रं अशी गेली की हातात पदविका असते आणि हातांना यंत्र माहीत नसतं. मग मुलाखतीत ती अडते आणि ‘मेकॅनिकलला मुली टिकत नाहीत’ म्हणणारे खरे ठरतात. शाळेतल्या सरांचं वाक्य असं आपलं आपण खरं होत जातं. यावर तोडगा पहिल्याच आठवड्यात काढायचा असतो: गटात पाळी लावून घ्यायची, आज मी यंत्रावर, तू वहीवर. हे न जमल्यास प्रयोगशाळेतल्या शिक्षकांना सांगायचं. वर्षाच्या शेवटी सांगून उपयोग नाही.

एका भेटीनं चित्र बदलेल, ही आशा मात्र ठेवू नका. पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातल्या ४९५ गावांत एक अभ्यास झाला होता, २०१२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. ज्या गावांत सरपंचपद लागोपाठ दोन वेळा बायकांसाठी राखीव होतं, तिथे मुलगा-मुलगी यांच्याकडून ठेवलेल्या अपेक्षांमधली दरी आईवडिलांच्या मनात सुमारे २० टक्क्यांनी आणि खुद्द मुलामुलींच्या मनात ३२ टक्क्यांनी कमी झाली होती. एकदाच राखीव असलेल्या गावांत असा फरक दिसला नाही. डोळ्यांना सवय व्हायला वेळ लागतो. म्हणून त्या तिसऱ्या वर्षाच्या मुलीचा नंबर तुमच्या मुलीकडे राहू द्या. अधूनमधून बोलतील.

आणि कल्पना चावलाचं पोस्टर भिंतीवर लावू नका. फार उंचावरची माणसं बघून मुलांना स्फूर्ती येण्याऐवजी ‘ते आपल्याला कुठलं जमणार’ असंच वाटण्याचा संभव जास्त. अपवाद करायचाच तर तुमच्याच जिल्ह्यातला करा. रेल्वेच्या सुरेखा यादव साताऱ्याच्या. त्यांनी विद्युत शाखेची पदविका घेतली ती कराडच्या याच तंत्रनिकेतनातून. त्यांनाही आधी शिक्षिका व्हायचं होतं. १९८० च्या दशकात त्या रेल्वेत सहायक चालक झाल्या, ८ मार्च २०११ रोजी त्यांनी डेक्कन क्वीन घाटातून नेली, २०२३ मध्ये सोलापूरहून वंदे भारत मुंबईला आणली आणि २०२५ मध्ये निवृत्त झाल्या. हे मुलीपेक्षा सासऱ्यांना सांगण्यासारखं आहे.

सासऱ्यांबद्दल बोलू. ‘मुली कुठे कमी नाहीत’ हे भाषण त्यांना देऊ नका. ते त्यांनी दर निकालाला पेपरात वाचलंय, ‘यंदाही मुलींचीच बाजी’ म्हणून. त्यांच्या विरोधात काळज्या आहेत, त्या सुट्या करून एकेकीला उत्तर द्या.

डी.एड.ची नोकरी पक्की, ही समजूत त्यांच्या तरुणपणची आहे. आज बारावीनंतर दोन वर्षांची ती पदविका, मग टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा, मग शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी, मग ‘पवित्र’ या सरकारी भरती पोर्टलवर वाट बघणं. अभियोग्यता चाचणी २०१७, २०२३ आणि २०२५ अशी तीनदा झाली. मधली पाच वर्षं मोजून दाखवा. सरकारी नोकरीच हवी असेल तर मेकॅनिकल पदविकेवर एमपीएससीतून सहायक मोटार वाहन निरीक्षक होता येतं, म्हणजे आरटीओचं खातं. रेल्वेत असिस्टंट लोको पायलटला पदविका चालते. राज्याच्या नोकऱ्यांत महिलांना ३० टक्के समांतर आरक्षण आहे आणि तांत्रिक पदांना अर्ज करणाऱ्या मुली कमी असतात. जाहिरात तिथेही दरवर्षी निघत नाही, हे लपवू नका, नाहीतर पुढे तोच मुद्दा तुमच्यावर उलटेल.

रात्रपाळीची काळजी खरी आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यात कलम ६६ नुसार बायकांना संध्याकाळी ७ ते सकाळी ६ कामावर ठेवायलाच बंदी होती. पुढे ती सैल झाली, पण संमती, सुरक्षितता, ने-आण या अटींसह. मेकॅनिकल म्हणजे फक्त पाळीतलं काम असंही नाही. ड्रॉइंग-डिझाइन, गुणवत्ता तपासणी, मोजमाप, उत्पादनाचं नियोजन, खरेदी ही बहुतेक दिवसाची कामं. पुण्यात टाटा मोटर्सनं हॅरिअर आणि सफारी गाड्यांची अख्खी जोडणी लाइन बायकांकडे दिली, २०२२ मध्ये तिथे सुमारे १,५०० जणी होत्या. यंत्रांच्या दुरुस्ती-देखभालीच्या खात्यात मात्र अजूनही मुलगेच घेण्याकडे कल दिसतो. तेही मुलीला आत्ताच माहीत असलेलं बरं.

लग्नाचं कुणी उघड बोललं नसेल, पण मनात असतंच. पदविका १८-१९ व्या वर्षी पुरी होते. कॉमर्सची पदवी त्यानंतर दोन-तीन वर्षांनी. ‘लवकर हाताशी येईल’ हा हिशेब घरातल्या वडीलधाऱ्यांना आपोआप कळतो, तुम्ही फोड करायची गरज नाही.

आणि हे सगळं तुम्ही बोलायचं नाही. मिस्टरांनी बोलायचं, वडिलांशी एकट्यानं, दीर नसताना, फॉर्म भरायच्या आधी. सुनेनं सांगितलं की तो घरातला वाद होतो, मुलानं सांगितलं की निर्णय होतो. हे काही फार बरं नाही, पण आत्ता जून तोंडावर आहे. त्यांना जड जात असेल तर चारच वाक्यं पाठ करू द्या: ‘कॉलेज कराडातच आहे. फी सरकारी आहे. तीन वर्षांत पदविका हातात येईल. पोरीला जमलं नाही तर जबाबदारी माझी.’ चौथं वाक्य गाळलं तर पहिली तीन वाया जातात.

ती ‘मेकॅनिकल’ म्हणाली, तर फॉर्मकडे लक्ष द्या, कारण मुलीचा निर्णय बऱ्याचदा सायबर कॅफेत बदलतो. पदविकेचे प्रवेश तंत्रशिक्षण संचालनालयाच्या केंद्रीय प्रक्रियेतून होतात. नोंदणी, कागदपत्रांची तपासणी, गुणवत्ता यादी, मग पर्यायांचा फॉर्म, म्हणजे कॉलेज आणि शाखा पसंतीच्या क्रमानं लिहिणं. मुलींसाठी ३० टक्के जागा असतात. पर्यायांच्या फॉर्ममध्ये क्रमाला फार महत्त्व आहे. पहिल्या क्रमांकावर लिहिलेली जागा मिळाली की ती पक्की धरली जाते, पुढच्या फेरीत बदलता येत नाही. ‘आधी कॉम्प्युटर टाकून बघू, मिळतंय का’ असं म्हणून दिरांनी किंवा कॅफेवाल्यानं ते वर टाकलं आणि मिळालं, की संपलं. फॉर्म मुलीनं स्वतः भरावा, पासवर्ड तिच्याच वहीत असावा आणि कायम करण्याआधी छापील प्रत घरी आणून एक रात्र ठेवावी.

अकरावीचा ऑनलाइन अर्जही सोबत भरून ठेवा, दोन्ही चालतात. अजून डळमळीत असेल तर कॉमर्सऐवजी अकरावी सायन्स, गणित ठेवून, हा मधला मुक्काम आहे. बारावी सायन्सनंतर पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. कॉमर्स करून परत यायचं म्हटलं तर दहावीच्या गुणांवर पहिल्या वर्षापासून सुरुवात, म्हणजे दोन वर्षं गेली.

पैशांचं थोडक्यात. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची प्रगती शिष्यवृत्ती मुलींसाठीच आहे: वर्षाला ५०,००० रुपये, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर, प्रवेश झाल्यावर. राज्यानं २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आतल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी माफ केली आहे, पण प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून हवा, व्यवस्थापन कोट्यातून नको. तिचा अभ्यासक्रम यादीत आहे का आणि दोन्ही योजना एकत्र घेता येतात का, हे कॉलेजच्या शिष्यवृत्ती खिडकीवर विचारून घ्या. उत्पन्नाचा, अधिवासाचा, लागू असेल तर जातीचा आणि नॉन-क्रीमीलेअरचा दाखला आत्ताच काढा. निकालानंतर सेतू केंद्रात रांग लागते आणि दाखल्यावाचून राखीव जागा हातची जाते. सगळ्या कागदांवर तिचं नाव दहावीच्या गुणपत्रिकेसारखंच हवं, अगदी आईच्या नावाच्या स्पेलिंगसकट. नेमकं तिथेच अडतं.

आता धाकटा. तो आठवीत आहे, त्याच्याकडून काहीही ठरवून घेऊ नका. पण माहिती तुमच्याजवळ असू द्या: बारावी सायन्सनंतर, जीवशास्त्र घेऊन, चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग, किंवा बारावीनंतर तीन वर्षांचं जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका. मुलग्यांना दोन्ही खुलं आहे. इथे भिंत उलट्या बाजूनं आहे, तीही माहीत हवी. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीत ८० टक्के जागा महिलांना आणि २० टक्के पुरुषांना असतात, आणि लष्कराच्या नर्सिंग सेवेत अधिकारी म्हणून फक्त महिला घेतात. तरीही अपघात विभाग, अतिदक्षता, ऑपरेशन थिएटर इथे ब्रदर लागतातच.

आत्ता त्याचं कुणाशी काही बोलायची गरज नाही. बीपीचं मशीन परत त्याच्या हातात द्या, कारण न सांगता. ‘तुझ्यासारखं कुणाला जमत नाही’ वगैरे नको, ‘मला स्वयंपाक आहे, तेवढं बघ’ म्हणा. आजोबांना पाच मिनिटं शांत पाठ टेकून बसवायचं, पाय जमिनीवर, पट्टा उघड्या दंडावर, हात छातीच्या उंचीला, मोजताना बोलायचं नाही. एक मिनिट थांबून पुन्हा एकदा मोजायचं आणि दोन्ही आकडे तारीख-वेळेसह वहीत लिहायचे. डॉक्टरांकडे जाताना ती वही न्यायची आणि त्यालाही सोबत न्यायचं. वही आजोबांच्याच उशाशी ठेवा.